बाईंचा नंबर टाका

माझा मोबाइल नंबर गेली बारा-तेरा वर्षं एकच आहे, आणि तो मला बदलता येत नाही. त्या नंबराला तीसेक माणसं बांधलेली आहेत. त्यांतलं एकही माझ्या नात्यातलं नाही.

तेव्हा मी धसईच्या वरच्या अंगाला एका वाडीवरच्या शाळेत होते. दोन खोल्या, चार वर्ग आणि मी एकटी शिक्षिका. भात झोडून झालं होतं, लोकांना जरा उसंत होती, अशा दिवसांत बारा आकड्यांच्या कार्डाचं शिबिर शाळेतच भरलं. लॅपटॉप, बोटं ठेवायची पेटी, डोळ्यांत बघायचं यंत्र, मागे टांगायला पांढरा कपडा, आणि हे सगळं चालवणारा कल्याणकडचा एक तरुण. माणसं रांगेत उभी राहिली. काही तर खळ्यावरून तशीच आलेली, केसांत पेंढ्याच्या काड्या.

त्या तरुणाने पहिल्याच म्हाताऱ्याला विचारलं, "मोबाइल नंबर?" म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. वाडीत तेव्हा फोन दोन, त्यातला एक बिघडलेला. रेंज मिळायची ती शाळेमागच्या खडकावर, तीही उभं राहिलं तर. तरुण म्हणाला, "नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढं जात नाय." तेव्हा रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मग बाईंचा नंबर टाका की! बाई काय परक्या हायत?" सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. मी नंबर सांगितला. दुसऱ्यासाठी सांगितला, तिसऱ्यासाठी सांगितला. चौथ्यापासून तो तरुण मला विचारेनासाच झाला.

नंबराची जागा रिकामी सोडली असती तरी चाललं असतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मशीन पुढे जात होतं. त्या तरुणाला ते ठाऊक नव्हतं, किंवा त्याला लवकर आटपून शेवटची एसटी पकडायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रांगेत माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी होती. हिशेबात तल्लख, जिभेने त्याहून. दहा बोटं दाबून झाली, डोळे ताणून झाले, तशी ती त्या तरुणाला म्हणाली, "दादा, ह्यात आमचं काय काय गेलं?" तो हसला. मीही हसले. "काही जात नाही गं, नुसता फोटो निघतो," असं मीच तिला सांगितलं. शिक्षिका म्हणून मी मुलांना बरंच चुकीचं शिकवलं असेल, पण इतकं चुकीचं क्वचितच.

पहिली दोन वर्षं काही झालं नाही. मग बँकेत कार्ड मागू लागले, मग सिमकार्डाला, मग रेशनला, मग दवाखान्यात केसपेपरला. कार्ड कुठेही दाखवलं की खरेपणा तपासायला सहा आकडे सुटायचे, आणि ते सुटायचे थेट माझ्या फोनवर. माणूस मुरबाडला काउंटरसमोर, आकडे माझ्या पर्समध्ये. मग तो कोणाच्या तरी फोनवरून मला हाक मारणार: "बाई, आकडा आला का?" ओटीपी हा शब्द वाडीत कोणी उच्चारला नाही. आकडाच म्हणायचे. एकदा मुरबाडच्या एसटीत मी फोनवर "लिही, चार, सात, सात, दोन, शून्य, नऊ" असं मोठ्याने सांगत होते, तर शेजारचा माणूस हळूच पुढे झुकून म्हणाला, "बाई, कल्याण का मुंबई?" त्याला मटक्याचा आकडा वाटला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या थांब्यावरच उतरला.

त्या संदेशात आकड्यांबरोबर कार्डाचे शेवटचे चार अंकही असत. म्हणून मी एक वही केली. डाव्या बाजूला चार अंक, उजव्या बाजूला माणूस. आला आकडा की वहीत बघायचं कोणाचा आहे, आणि त्यालाच सांगायचा. ही माझी पद्धत. मला तिचा अभिमान होता, हेही सांगून टाकते.

पण त्या वहीमुळे मला काय काय कळायला लागलं! कोणाच्या सुनेने कळव्याच्या दवाखान्यात नाव नोंदवलं, ते तिच्या सासूच्या आधी मला. कोणाच्या मुलाने तिसरं सिम घेतलं. कोणत्या म्हातारीने लेकाला न सांगता वेगळं खातं उघडलं. मी कोण हे जाणणारी? माझं काम पाढे शिकवायचं. मी काय गावचा चव्हाटा आहे? आणि चव्हाट्याची बातमी लागली की माणसं तिथे जमतातच. "बाई, आमच्या जावेचा मेसेज आला का हो? कुठं गेल्ती ती मंगळवारी?" असं विचारायला बायका शाळेत येऊ लागल्या. मी झिडकारून लावायचे. त्या म्हणायच्या, "बाईंना लई भाव चढला."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून मी खाटेवर पडलेली, आणि शेजारी माझा नवरा एका हातात संत्रं, दुसऱ्या हातात माझा फोन घेऊन परक्या माणसांना आकडे वाचून दाखवतोय. डॉक्टर म्हणाले, "आराम करा." मी म्हटलं, "तीस जणांना सांगा."

नंबर बदलायचे प्रयत्न मी केले नाहीत असं नाही. मदतीच्या नंबराला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात उत्तर, ज्याचं कार्ड त्याने स्वतः केंद्रात यावं, अंगठा द्यावा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. त्या गोड आवाजाच्या पोरीने एकदा वाडीवरून मुरबाडला येऊन दाखवावं. तरी एका उन्हाळ्यात जीप ठरवून मी दहाजणांना घेऊन गेले. दोघांचं काम झालं. चौघांची बोटं जुळेनात. नांगर, कोयता आणि कढत भांडी धरून ज्या रेषा पुसल्या, त्या आता म्हणे पुरावा म्हणून हव्या होत्या. मग सर्व्हर गेला आणि उरलेल्यांना "परत या" झालं. परत कोणीही आलं नाही. मला म्हणाले, "राहू दे ना बाई तुमचाच. आमचे नंबर काय, आज हायत, उद्या रिचार्ज नाय. तुमचा आपला पक्का." त्यांचंही खरं होतं. फुकटचं सिम संपलं की दुसरं फुकटचं सिम, अशी वाडीतली रीत. एकाच जागी राहणारं त्यांच्या ओळखीत मीच काय ती.

नंतर माझी बदली शहापूर तालुक्यात झाली. सापगावला घर घेतलं. वाडी मागे राहिली, पण फोन मागे राहिला नाही.

आता रांगेतल्या त्या तिसरीच्या मुलीचं. चौथीनंतर ती आश्रमशाळेत गेली, बारावी झाली. एकोणिसाव्या वर्षी लग्न लावून दिलं, शहापूरच्या बाजूलाच. लग्नाला मी गेले होते. मुलगा देखणा, स्वतःची पिकअप, लोकांशी अदबीने बोलणारा. मला वाकून नमस्कार केला. दोन वर्षांनी भाद्रपदात मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "बाई, मी हाय." आवाज ओळखला. "मी घर सोडलं. डाव्या कानानं आयकू येत नाय मला आता. कुठं हाय ते इचारू नका. एक आकडा येल, तेवढा सांगा."

मला तिच्या नवऱ्याचा राग आला, आणि माझाही. दोन वर्षांत तिचं कार्ड माझ्याकडे एकदाही वाजलं नव्हतं, आणि मी समजत होते की संसारात सुखी आहे. नवऱ्याने तिला कार्ड लागेल अशा कुठल्याही ठिकाणी जाऊच दिलं नव्हतं. आकडा आला. मी वही उघडली, चार अंक पडताळले, सांगितला. नवीन सिम घेत होती. महिन्याभराने पुन्हा फोन: एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय, पण कार्डावर आताच्या राहण्याचा पत्ता पाहिजे म्हणतात. पुन्हा आकडा आला. ती पत्ता सांगू लागली तशी मी तिला थांबवलं. "मला नको सांगूस. मला माहीत नसेल तर माझ्या तोंडून निघणार नाही." केवढी हुशार मी! मला पत्ता ठाऊक नको, आणि तिच्या कार्डाच्या पोटात तो लिहिला जात होता, आणि त्या पोटाची चावी माझ्या पर्समध्ये.

पंधरा दिवसांनी मी वर्गात सतराचा पाढा घेत होते. फोन वाजला. तिचा बाप. त्याचंही कार्ड माझ्याच नंबरावर; शेतीच्या योजनेच्या केवायसीसाठी वर्षातून तीन-चारदा त्याचा फोन यायचाच. तोच आवाज, तेच वाक्य. "बाई, आकडा आला का?" टिंग झालं होतंच. समोर पोरं सतरा सत्ते एकशे एकोणीस म्हणत होती. मी फोन कानावरून काढला, सहा आकडे वाचले, परत कानाला लावून सांगितले. "लिहिलात?" "लिवला." आणि फोन बंद.

एरवी तो कधी असा फोन ठेवायचा नाही. "बरं हाय ना बाई? साहेब बरे हायत ना?" हे ठरलेलं. त्या दिवशी विचारलं नाही. ते मला खटकलं म्हणून मी संदेश पुन्हा उघडला. शेवटचे चार अंक त्याचे नव्हते. त्याचे मला पाठ होते. हे तिचे होते.

वही कपाटात होती. दहा पावलांवर. मी गेले नव्हते.

मी वर्ग तसाच सोडून व्हरांड्यात आले आणि तिला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. कारखान्यात शिरताना फोन काढून घेतात, हे तिनेच सांगितलं होतं. तिच्या बापाला लावला, बंद. मग मुरबाडच्या त्या केंद्राचा नंबर मिळवला. वाडीचे सगळे तिथेच जात. चालवणाऱ्याला विचारलं, आत्ता एका मुलीचं कार्ड काढून दिलंत का? "हो मॅडम, झेरॉक्स होती त्यांच्याकडे. नवीन प्रिंट काढून दिली." कोण होतं? "तिचे मिस्टर आणि वडील." मुलगी होती का? "नाय. पण ओटीपी दिला ना मॅडम. ओटीपी म्हणजे संमती."

मी ओरडले. शाळेतली पोरं खिडकीतून बघायला लागली इतकं ओरडले. कोणाची संमती? कार्ड तिचं, फोटो तिचा, समोर दोन पुरुष उभे, ती कुठेच नाही, आणि तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? तो शांतच होता. "सिस्टिमला आकडा बरोबर दिसला मॅडम. आमच्याकडून काहीच चुकीचं नाय झालं." आणि तसं बघायला गेलं तर तो खरंच बोलत होता, त्याचाच मला संताप येतो. बोटं घेतली, डोळे घेतले, एवढा बंदोबस्त केला, आणि शेवटी त्या सगळ्याचं कुलूप कशाने उघडतं, तर पाढे घेता घेता एका बाईने बेसावधपणे वाचलेल्या सहा आकड्यांनी. मी त्या मुलीच्या नावाने हो म्हणाले होते. माझ्या तोंडून तिने संमती दिली होती, तिला बिचारीला ठाऊकही नसताना. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण मी.

दुपारभर मी दर दहा मिनिटांनी फोन लावला. पिकअपमधून ते दोघे निघाले असणार हे मला दिसत होतं. कुठे निघाले ते मात्र ठाऊक नव्हतं. पत्ता तिच्या नवऱ्याला ठाऊक, बापाला ठाऊक, केंद्रवाल्याला ठाऊक. मी ऐकायला नकार दिला होता! पोलिसांना तरी काय सांगणार, कुठे जा म्हणून?

साडेपाचला तिने उचलला. मी एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "आकडा तुमीच दिला?"

"मीच. तुझ्या बापाचा फोन होता, मी बघितलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "ठेवा आता."

त्या 'बरं'मध्ये राग असता तर मला सोसला असता. राग नव्हता. पुढचं काम काय, याचा विचार तिने सुरू केला होता, आणि त्यात मी कुठे नव्हते.

चौथ्या दिवशी तिचा बाप सापगावला माझ्या दारात आला. एकटाच. पाणी दिलं, ते मात्र दिलं. मग मी तोंडाचा पट्टा सोडला. लाज नाही वाटली? ज्याच्या हातांनी तिचा कान फुटला, त्याच माणसाच्या गाडीत बसून तुम्ही लेकीला शोधायला गेलात? माझा आवाज, माझी सवय वापरलीत? तो ऐकून घेत होता. माणूस वाईट नाही. माझ्या शाळेचं छप्पर त्याने दोनदा फुकट शाकारून दिलं आहे. म्हणाला, "बाई, लेक माझी हाय. कार्डावर बाप म्हणून माझं नाव हाय. मला तिचा पत्ता बघायचा हक नाय का? जावई बोलला, समजूत घालून आणू. गावात काय तोंड दाखवू आमी?"

"आणि भेटली?"

"खोलीला कुलूप. शेजारीण बोलली, पिशवी घेऊन सांजचीच गेली. कामावर पण नाय आली म्हणतात." मग म्हणाला, "जावयानं कुलूप तोडलं. आत तिचा डबा व्हता फक्त. तो लाथेनं उडवला." हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता तरी ह्याचे डोळे उघडले. कसले उघडतात! पाण्याचा तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "पुढला आकडा तुमच्याकडंच येल ना बाई? तवा मला सांगा. जावई थांबलाय त्यावर."

मी त्याला हाकलून देणार होते. शब्द तोंडात आले होते. पण त्याच्या आदल्या दिवशी मला एक फोन आला होता, मी न ओळखणाऱ्या नंबरावरून. ती म्हणाली होती, "बाई, केंद्रात गेल्ते. अंगठा जुळला. तुमचा नंबर काढला कार्डावरून." मी म्हटलं, बरं केलंस. ती म्हणाली, "नवीन नंबर तुमाला देत नाय." मी म्हटलं, देऊ नकोस. इतकंच बोलणं झालं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून रडले. तीस जणांत स्वतःहून तिने एकटीनेच शहाणपणा केला, आणि तो माझ्यापासून सुटायचा. वाईट वाटलं, आणि तिला माझ्यावर विश्वास नाही ह्याचं समाधानही वाटलं. एकाच वेळी दोन्ही.

तेव्हा मी त्या बापाला हाकललं नाही. चहा ठेवला. म्हटलं, "येईल. कार्ड काय, कधी ना कधी लागतंच. आला की बघू."

तेव्हापासून तो येतो. कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने, धसईहून मुरबाड, मुरबाडहून सापगाव, दोन एसट्या बदलून. कधी सोबत भेंडी असते, कधी गवार. जावई दुसरीकडे कुठे शोधत नाही, कारण सासरा इकडे आकड्याच्या वाटेवर बसलाय. मी चष्मा लावते, त्याच्यासमोर फोन उघडते, वरपासून खालपर्यंत बोट फिरवते, आणि "अजून नाही आला" म्हणून मान हलवते. पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आले, आता दर महिन्याला एका बापाच्या तोंडावर खोटं बोलते, आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही. तो जोवर माझ्या ओट्यावर बसून वाट बघतो आहे, तोवर तिला कोणी शोधत नाही.